शेऱ्याचा रकाना

४ मार्च

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र.

ताईला जाऊन आज तेवीस दिवस झाले. काल रुग्णालयाकडून चौकशीचा कच्चा अहवाल आला. तीन पानं आहेत. लॉन्ड्रीतल्या तीन नंबरच्या इस्त्री-यंत्राला वाफ नेणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह फुटला आणि ताई समोर उभी होती, एवढं आपल्याला माहीत होतंच. पुढे लिहिलं आहे की त्या दिवशी प्रेशरचा काटा योग्य जागी होता आणि ऑपरेटरने कोणताही बिघाड कळवला नव्हता. कामाच्या पाळीच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, आधीचे अकरा दिवस ‘वैयक्तिक व भावनिक स्वरूपाचा मजकूर’ आढळतो. म्हणून निष्कर्ष असा, की तिची मनःस्थिती आणि प्रकृती ठीक नव्हती, ते तिने लपवलं, आणि तिचं कामाकडे दुर्लक्ष झालं.

त्या अकरा दिवसांच्या प्रती सोबत पाठवतो. अक्षर ताईचंच आहे. पहिल्या दिवशी ‘गळा दाटलाय.’ मग ‘गळा कालपेक्षा जास्त दाटलाय.’ सहाव्या दिवशी ‘खोकला सुरू झाला. ओला.’ शेवटच्या दिवशी ‘खोकला छातीत उतरला. कोणीतरी बघायला हवं.’

दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलास का, विचारायची. मी हो म्हणायचो. उलट तिला काही विचारायचं मला कधी सुचलं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि तिचा गळा अकरा दिवस दाटलेला असताना मी तिला हवेबद्दल सांगत होतो.

मी तपासणी प्रयोगशाळेतला माणूस. आमच्याकडे रकान्यात आकडा लिहितात, आकडा नसेल तर आडवी रेघ मारतात. असलं लिखाण मला वाचता येत नाही. तुम्ही तिला तिथे लावलंत, दोन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं तिचे सुपरवायझर होतात. तिला काही दुःख होतं का? तुम्हाला काही बोलली होती का?

तीस तारखेला सुनावणी आहे. नातेवाईक म्हणून मी ‘अहवाल मान्य’ अशी सही करायची आहे. एकदा सही झाली की तिच्या नावापुढे कायमचा ‘दुर्लक्ष’ हा शब्द राहील. काय करू ते कळवा.

तुमचा भाचा

९ मार्च

प्रिय मोजपट्टी,

हे नाव तुला ताईनेच ठेवलं होतं, एका बिस्किटाचे दोन तुकडे पट्टीने मोजून केलेस तेव्हा. रागावू नकोस, मला दुसऱ्या नावाने तुला लिहवत नाही.

पत्र दोनदा वाचलं. चष्मा बदलूनही वाचलं, मजकूर तोच निघाला. पोरा, तुझी ताई दुःखी वगैरे काही नव्हती. अख्ख्या लॉन्ड्रीत सगळ्यात मोठ्याने तीच हसायची असं सगळे सांगायचे. तिची भांडणं चालायची ती त्या यंत्रांशी. तीन नंबरला धाप लागली की त्याला पाच मिनिटं बसवून ठेवायची आणि कपडे देणाऱ्या बाईला सांगायची, थांब, त्याला दम खाऊ दे. तशीच होती ती. तेव्हा जेवणाच्या फोनवरून स्वतःला खात बसू नकोस.

राहिला अहवाल. माझं ऐकशील तर सही करून टाक. चाळीस वर्षं कचेरीचे कागद पाहिलेत मी. एकदा टाइप झालेला कागद माणसाला वाकवतो, स्वतः वाकत नाही. साहेबांना आकडे हवे होते, तिने शब्द दिले. आता त्या शब्दांना कोण विचारतो? मी तिला सांगायचो, बाई गं, सरळ लिही. ऐकायची नाही.

तिला शांत राहू दे. तूही रहा. मामी म्हणते चार दिवस इकडे ये. दिवसभर मी बोलतो आणि ती हातवारे करते, तुझीही करमणूक होईल.

मामा

१६ मार्च

मामा,

तुमचं पत्र मिळालं. त्यातल्या एका वाक्यावर मी अडलो. तीन नंबरला धाप लागली, असं तुम्ही लिहिलं आहे. धाप यंत्राला.

मी त्या प्रती पुन्हा काढल्या. अकरा दिवसांत ताईने एकदाही ‘मी’ किंवा ‘माझा’ लिहिलेलं नाही. गळा दाटलाय, एवढंच आहे. कोणाचा, ते चौकशीवाल्यांनी ठरवलं, आणि मीही मान हलवली.

मग मी तीन दिवस रजा घेऊन तिकडे गेलो. रीतसर अर्ज केला, जुन्या वह्या पाहण्याची परवानगी मिळाली. त्या कपड्यांच्या कोठीत आहेत, फाटक्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे. मला एक स्टूल दिलं. भिंतीपलीकडे यंत्रं चालू होती. मधल्या काचेतून दिसत होतं, ओली चादर दोन बायका कोपरे धरून रोलरवर घालतात, आणि पलीकडून ती कोरडी, कडक होऊन येते. तीन नंबर बंद आहे. त्यावर ताडपत्री टाकली आहे.

अकरा वर्षांच्या वह्या मी पानापानाने पाहिल्या. वेळ, चादरींची संख्या, प्रेशर, असे रकाने आणि शेवटी शेरा. प्रेशरचा आकडा ताईने एकही दिवस चुकवलेला नाही. शेऱ्यात तिचे शब्द, आणि त्याखाली लाल शाईत फिटरने काय केलं ते. मी माझ्या कामाच्या पद्धतीने यादी केली. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे लाल शाई.

‘गळा दाटला’ चौदा वेळा आहे. चौदाही वेळा खाली लिहिलं आहे, ‘ट्रॅप उघडून साफ केला.’ फिटरच्या पोटखोलीतल्या माणसाने मला ट्रॅप दाखवला. वाफेचं पाणी झालं की ते बाहेर सोडणारी मुठीएवढी लोखंडी पेटी. ती तुंबली की पाणी पाइपात साठतं, वाफेच्या जोराने आपटतं आणि शेवटी व्हॉल्व्हही फोडतं. ‘ओला खोकला’ सहा वेळा, सहाही वेळा साठलेलं पाणी पाइपात आपटत होतं. ‘दात खातोय’ नऊ वेळा, नऊही वेळा बेअरिंग बदललं. ‘रुसलाय’ म्हणजे रोलर एका बाजूने तापत नाही. एकही चूक नाही, मामा. आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राचा निकाल इतका बरोबर येत नाही. आणि या प्रत्येक दिवशी प्रेशरचा आकडा ठीकच आहे. काट्याला जे कळत नव्हतं ते ती शेऱ्यात लिहीत होती.

तुम्ही होतात तोवर प्रत्येक शेऱ्यापुढे तुमची सही आहे. वेळ टाकलेली आहे. बहुतेक ठिकाणी तासाच्या आत, ‘फिटर पाठवला.’ तुम्ही गेल्यावर जुना फिटर स्वतःच वही वाचायचा असं दिसतं, कारण लाल शाई डिसेंबरपर्यंत आहे. डिसेंबरात तोही निवृत्त झाला. त्यानंतर फक्त नव्या साहेबांची सही आणि एक शब्द, ‘पाहिले.’ शेवटच्या अकरा दिवसांत अकरा वेळा ‘पाहिले.’

तुम्ही लिहिलंत, त्या शब्दांना कोण विचारतो. तुम्ही विचारत होतात. वर्षानुवर्षं.

मी सही करणार नाही. तीस तारखेला या आणि हे सांगा. तुमच्याखेरीज सांगणारं कोणी नाही. जुन्या फिटरचा पत्ता लागत नाही.

तुमचा भाचा

२० मार्च

मोजपट्टीस,

यादी चांगली केली आहेस. लहानपणीही तू अशाच याद्या करून आईला दमवायचास.

पण मामाची उलटतपासणी घ्यायला कोणी सांगितलं तुला? मी येऊ शकत नाही. गुडघे, बस, चार जिने. शिवाय येऊन काय सांगू? की यंत्राला खोकला झाला असं एका बाईने लिहिलं आणि ते वाचून मी, चाळीस वर्षं नोकरी केलेला सुपरवायझर, फिटर पळवत होतो? हसतील. तिला हसतील, मला हसतील, तुलाही सोडणार नाहीत. घरात, चहाच्या गाडीवर असलं बोलणं चालतं. कचेरीत त्याला नोंद म्हणत नाहीत, गोष्ट म्हणतात.

कडू वाटेल, तरी लिहितो. तिने चार स्वच्छ शब्दांत लिहिलं असतं, ट्रॅप तुंबला आहे, साफ करावा, तर कदाचित आज ती असती.

सही कर. नाद सोड.

मामा

२४ मार्च

मामा,

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मला पुन्हा लिहू नका. वडीलधारे आहात म्हणून एवढ्यावर थांबतो.

स्वच्छ शब्दांचं म्हणाल तर मी अहवाल पेन घेऊन वाचला. त्यात लिहिलं आहे, समिती प्रकरणाच्या मुळाशी गेली. प्रकरणाला मूळ कुठे असतं? ‘जबाबदारी झटकता येणार नाही.’ ती काय धूळ आहे? ‘यंत्रणेवर ताण आला’, ‘त्रुटींवर प्रकाश टाकला’, ‘दोष ऑपरेटरच्या माथी येतो.’ तीन पानांत मी असे सव्वीस शब्द मोजले. एकालाही कोणी भावनिक मजकूर म्हटलेलं नाही.

मग मी स्वतःकडे पाहिलं. आमच्याकडे रोज सकाळी मी म्हणतो, यंत्र बसलं. वीस वर्षं म्हणतोय. ते कधी उभं नव्हतं. रिपोर्ट देताना सांगतो, साखर चढली, हिमोग्लोबिन उतरलं. जिना कुठे आहे ते मला कोणी विचारलं नाही. यंत्र बसलं म्हटलं की दुरुस्तीवाला पेटी घेऊन येतो. तो मला सांगत नाही की आधी स्वच्छ लिहा.

म्हणजे असं बोलण्याला कचेरीत मनाई नाही. टाय लावून बोललं तर ती भाषा, आणि रोलरपुढे उभ्या बाईने लिहिलं तर ते रडगाणं, एवढाच नियम दिसतो. तो मी मानणार नाही. मी फार बोलणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तीस तारखेला बोलणार. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. पहिल्या दोन वर्षांत ताईचा शेऱ्याचा रकाना कोराच आहे. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा येतं, ‘आवाज येतोय.’ त्यापुढे तुमच्या हाताने फक्त ‘कसला?’ आणि दुसऱ्या दिवसापासून हे सगळं सुरू होतं. त्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं?

भाचा

२७ मार्च

बाळा,

त्या ऑगस्टमध्ये माझे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. तीस वर्षं त्या आवाजात उभा होतो, हळूहळू जातच होते. पण त्या महिन्यात मला कळलं की तीन नंबर सुरू आहे की बंद, हे मला हात लावल्याशिवाय समजत नाही. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की निवृत्तीनंतर ऐकू येईनासं झालं. खोटं सांगितलं. त्याआधी सात वर्षं मी बहिरा होतो, आणि बहिरा असताना त्या खोलीतल्या अठरा बायकांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर होती.

वाफेचं यंत्र कानाने सांभाळतात रे. काटा सगळ्यात शेवटी बोलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला तिथून उचलून कुठेतरी दाखले लिहायला बसवतात. मला ते नको होतं. ओठ पाहून बोलणं ओळखायला शिकलो. कोणाला कळलं नाही. तुझ्या ताईला कळलं, कारण मी पाइपाला तळवा लावून उभा राहायचो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेऱ्यात लिहिलं, आवाज येतोय. मी कसला म्हणून लिहिलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज कसला ते कसं सांगणार? तिने विचार केला असणार. सकाळी वही घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाली, “मामा, खोकतोय. तुम्हाला हिवाळ्यात होतो तसा, ओला.”

माझा हात आपोआप छातीवर गेला. मला कळलं. आवाज गेला होता, पण खोकला कसा असतो ते छातीला माहीत होतं. गळा दाटणं माहीत होतं, दात खाणं माहीत होतं. ती एकेक शब्द असा घेऊन यायची की तो मला अंगात समजायचा. तिला कविता सुचत नव्हत्या. ती माझी नोकरी वाचवत होती, आणि त्या बायकांचे जीव. मी तिला सरळ लिही म्हणायचो, हेही खोटं लिहिलं तुला. मीच तसं लिहायला लावलं.

आता पुढचं. निवृत्तीच्या दिवशी सुपूर्दनाम्याचा छापील कागद असतो. त्यात शेवटी विचारलेलं असतं, पुढील अधिकाऱ्यास कळवण्याच्या विशेष बाबी. तिथे मला लिहायचं होतं की या बाईचा शेरा रोज वाचा, त्याचा अर्थ असा असा होतो. पण त्याने विचारलं असतं, असं का लिहिते ती? मी लिहिलं, निरंक.

नवा माणूस वर काचेच्या खोलीत बसतो. तोंडी सांगायला गेलं की म्हणतो, वहीत लिहा. तिने लिहिलं. वाचता येणारा माणूस मी होतो आणि मी घरी येऊन बसलो होतो.

मी येईन की नाही, माहीत नाही. खोलीत कोण काय बोललं ते मला कळणार नाही, आणि सात वर्षं लपवलेलं चारचौघांत सांगायचं. तू मला काय म्हणशील ते म्हण.

मामा

१ एप्रिल

मामा,

तुम्ही बोललात आणि बसची वेळ झाली म्हणून उठून गेलात. त्या खोलीत काय झालं ते तुम्हाला ऐकू आलेलं नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

तुम्ही येण्याआधी अर्धा तास मी यादी दाखवत होतो. चौकशी अधिकारी वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळी पानं पाहिली आणि मधला मार्ग काढला. म्हणाले, ‘कळवले नव्हते’ हे आम्ही काढतो, त्याऐवजी ‘अस्पष्ट भाषेत कळवले होते’ असं घालतो. चालेल का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, अहो, सगळे इथवर आले, तुम्हीही एक पाऊल पुढे या. मी म्हणालो, चौदापैकी चौदा वेळा जे बरोबर निघतं त्याला अस्पष्ट म्हणत नाहीत, मी सही करणार नाही, दिवसभर बसवून ठेवलंत तरी. तेवढ्यात दार उघडून तुम्ही आत आलात, गुडघ्यावर हात ठेवून.

अधिकाऱ्यांनी तुमच्यासाठी चिठ्ठीवर प्रश्न लिहिला, की या शब्दांना नोंद का म्हणायचं. ती चिठ्ठी वाचून तुम्ही आधी कानांचं सांगितलंत, सात वर्षांचं, आणि निरंकचंही. मग नव्या साहेबांकडे वळून म्हणालात, “मी हे वाचून माणूस पाठवायचो. तुम्ही हे वाचून सही करायचात.”

मामा, तुम्ही किती मोठ्याने बोलता ते तुम्हाला कळत नाही. बाहेर व्हरांड्यात चादरींची गाडी ढकलणाऱ्या बायका थांबल्या. दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कोणी जा म्हणालं नाही. कोणी हसलंही नाही. तेवढ्यात तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि निघालात.

तुम्ही जिन्यावर असाल तेव्हा नवे साहेब खालच्या आवाजात म्हणाले की मला वाटलं, बाईंना बरं नाही. त्यांना बिघाड कळवायचा आहे हे मला कसं कळणार?

मी कधी कोणाला भर सभेत काही विचारलेलं नाही. पण विचारलं. “मग डॉक्टर का पाठवला नाहीत? समोरच्या इमारतीत आहेत.”

अधिकारी त्यांच्याकडे पाहत राहिले. एका बाईने अकरा दिवस लिहिलं, गळा, खोकला, छाती, कोणीतरी बघायला हवं. यंत्राचं समजा नाहीतर तिचं समजा, कोणीतरी जायलाच हवं होतं. आणि तिथून दोन्ही माणसं पन्नास पावलांवर होती. फिटरही आणि डॉक्टरही.

त्यानंतर अधिकाऱ्यांनी टायपिस्टला आत बोलावलं. ‘दुर्लक्ष’ खोडलं. मनःस्थितीचा परिच्छेद खोडला. नवं वाक्य सांगायला लागले, ऑपरेटरने ट्रॅप तुंबल्याचे सतत अकरा दिवस लेखी कळवले होते, त्याची दखल घेतली गेली नाही. मी पुन्हा हात वर केला. ते थोडे वैतागले. मी म्हणालो, तिने ट्रॅप तुंबल्याचं लिहिलेलं नाही. तिने जे लिहिलं तेच येऊ द्या. ते म्हणाले, वरचे लोक हे वाचतील तेव्हा त्यांना विचित्र वाटेल. मी म्हणालो, वाटू दे. दारातल्या दोघींपैकी एक म्हणाली की आम्हाला तर सगळं समजलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि टायपिस्टला म्हणाले, अवतरणात घाला, जसंच्या तसं.

सुपूर्दनाम्याबद्दलही एक वाक्य आलं आहे, तुमच्या हुद्द्यासकट. ते काढायला मी सांगितलं नाही. तुम्ही निरंक लिहिलंत ते मी विसरणार नाही. चार जिने चढून आलात तेही विसरणार नाही. दोन्ही माझ्याजवळ राहील.

आता तिसऱ्या पानावर, शिक्क्याच्या वर, असं आहे: ऑपरेटरने अपघातापूर्वी सतत अकरा दिवस लेखी कळवले होते, ‘गळा दाटलाय’, ‘खोकला सुरू झाला. ओला’, ‘खोकला छातीत उतरला. कोणीतरी बघायला हवं’. या भाषेचा अर्थ विभागात आठ वर्षांहून अधिक काळ विनाचूक लावला जात होता.

त्याखाली मी सही केली. प्रत सोबत पाठवतो आहे. मामीला समोर बसवा आणि मोठ्याने वाचा. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी हरकत नाही.

तुमचा
मोजपट्टी